टोरोंटो: क्वीन स्ट्रीटच्या स्ट्रीटकारचा पर्यायी मार्ग रखडलाय, आईला फिजिओला कसं पाठवू? मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही टोरोंटोच्या पूर्वेला क्वीन स्ट्रीट आणि कॉक्सवेल या रस्त्यांच्या चौकाजवळ राहतो. माझी आई (वय ७१) सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा कॅनडाचा जास्त मुदतीचा व्हिसा) आलीये, गेल्या वर्षी मिरजेला तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि इथे आठवड्यातून तीनदा फिजिओ चालू आहे. क्लिनिक क्वीन आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळ. तिथली फिजिओ हिंदी बोलते, आईला तिच्याशी मोकळेपणी सांगता येतं कुठे दुखतंय ते, म्हणून आम्ही ते धरून ठेवलंय. एरवी काय सोपं होतं, घराखाली ५०१ ची स्ट्रीटकार पकडायची, सरळ क्वीनवरून जायची, चर्चला उतरायचं. आई तिला ट्रामच म्हणते. एकच गाडी, बदलाबदली नाही, दोन दिवस मी सोबत गेले आणि तिसऱ्या दिवशी ती एकटी जाऊन आली असती इतकं सोपं.

आता १ मे २०२३ पासून क्वीन स्ट्रीट बे आणि व्हिक्टोरियाच्या मधे बंद आहे हे इथल्या सगळ्यांना माहितीये. ऑन्टारिओ लाइन या नव्या मेट्रोचं क्वीन स्टेशन बांधायचंय, साधारण साडेचार वर्षं रस्ता बंद राहणार. मेट्रो व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बंद भागाला अगदी शेजारून वळसा घालून ट्राम नेणार होते, यॉर्क स्ट्रीट आणि ॲडलेडवर रूळ टाकून, ते रूळ अजून झालेले नाहीत आणि आता २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. मग तोपर्यंत ट्राम ब्रॉडव्ह्यूवरून वर डंडासवर जाते आणि तिकडे मॅककॉलवरून परत क्वीनला येते. म्हणजे आमच्या क्लिनिकसमोरून ती जातच नाही. मधल्या भागात बस आहे.

मागच्या बुधवारी आई पहिल्यांदा एकटी गेली. गाडी ब्रॉडव्ह्यूला वळली तशी ती घाबरली, आपण चुकीच्या गाडीत बसलो असं वाटून तिथेच उतरली. पाटी होती पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. वाऱ्यात पंचवीस मिनिटं उभी राहिली, मला फोन केला तेव्हा आवाज थरथरत होता. मी ऑफिसात, निघताही येईना. त्या दिवशी टॅक्सी करून तिला घरी आणलं आणि रात्री मला झोप लागली नाही.

माझे प्रश्न,
वळशाच्या रुळांना इतका वेळ का लागतोय, म्हणजे खरंच काही अडचण आहे का? ख्रिसमसपर्यंत होईल अशी आशा धरून थांबावं का? आणि तोपर्यंत गुडघ्याच्या पेशंटला कमीत कमी चालणं आणि कमीत कमी चढउतार होईल असा कुठला रस्ता आहे? टॅक्सी आठवड्यातून सहा वेळा परवडत नाही. नवरा म्हणतो क्लिनिक बदलू, पण आईला ते नकोय.

सदाफुली

रानजाई, वाचून वाईट वाटलं गं. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा मी त्यांना एक कागद करून दिला होता, मराठीत, "उतरायचं ठिकाण अमुक, उतरल्यावर डावीकडे" असं मोठ्या अक्षरात, आणि मागे इंग्रजीत ड्रायव्हरला दाखवायला दोन ओळी. पर्समधे ठेवायच्या. खूप आधार वाटायचा त्यांना. तेवढं लगेच कर.

रूळपट्टी

मी मिसिसागात राहतो, सिव्हिलमधे आहे, रस्त्याखालच्या युटिलिटीची कामं करतो. या प्रोजेक्टवर नाही पण डाउनटाउनमधली अशी कामं जवळून बघितलीत म्हणून पहिल्या प्रश्नाला हात घालतो.

लोकांना वाटतं रूळ म्हणजे रस्त्यावर दोन लोखंडी पट्ट्या टाकल्या की झालं. ॲडलेडवर तर जुने रूळ होतेच, वर्षानुवर्षं वापरात नसलेले, मग तेच का नाही वापरले असंही विचारतात. ते जुने रूळ वापरण्याच्या लायकीचे नव्हते, खालच्या काँक्रीटसकट उकरून काढायचे आणि नव्याने बसवायचे. आणि यॉर्कवर क्वीनपासून ॲडलेडपर्यंतचा तुकडा तर नवाच आहे.

खरी कटकट खाली असते. डाउनटाउनच्या रस्त्याखाली पाण्याची मेन, ड्रेनेज, गॅस, विजेच्या केबलचे काँक्रीटमधले डक्ट, टेलिफोन, फायबर, सगळं एकावर एक. शंभर वर्षांत ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने घातलंय आणि नकाशे पूर्ण नसतात. उकरलं की नकाशात एक मीटरवर दाखवलेला डक्ट चाळीस सेंटीमीटरवर सापडतो. मॅनहोल रुळांच्या मधे आला तर तो हलवावा लागतो, नाहीतर उद्या केबल दुरुस्त करायला माणूस खाली उतरला की ट्राम बंद. आणि प्रत्येक युटिलिटीचा मालक वेगळा, त्याची टीम वेगळी, परवानगी वेगळी. एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. रूळवाले तयार उभे असतात आणि पुढचा खड्डा दुसऱ्याच्या ताब्यात असतो, हे मी स्वतः कितीदा बघितलंय.

दुसरं म्हणजे वळणं. सरळ रूळ कुठूनही आणता येतो पण चौकातले क्रॉसिंग आणि फाटे त्या त्या चौकाच्या मापाने ऑर्डर देऊन करून घ्यावे लागतात, कारण टोरोंटोच्या ट्रामचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४९५ मिमी आहे, जगात नेहमी असतो त्या १४३५ पेक्षा साठ मिलीमीटर जास्त. तयार माल कुणाकडे पडलेला नसतो. मग वरची विजेची तार, त्यासाठी खांब, खांबाला पाया, आणि पाया खणला की खाली परत कुणाची तरी केबल. ॲडलेड वन वे आहे, कडेला सायकल ट्रॅक आहे, बाजूला टॉवरची कामं चालू, त्यामुळे अख्खा रस्ता एकदम बंद करून उरकताही येत नाही, तुकड्या तुकड्याने करावं लागतं.

थंडीत काँक्रीट ओतता येतं पण झाकून, गरम ठेवून, म्हणजे परत वेळ आणि खर्च. त्यामुळे ताई, ख्रिसमसची आशा धरू नका. रूळ पूर्ण दिसले तरी रिकामी गाडी हळूहळू चालवून वळणावर कुठे घासत नाही ना हे बघतात, ड्रायव्हरना मार्ग शिकवतात, मग प्रवासी. हा हिवाळा सध्याच्याच वळशावर काढायचाय असं धरून चाला.

दादर_टीटी

रूळपट्टी, छान समजावलंत. एक विचारू का, बस कशी दोन गल्ल्या मागे वळते तसं ट्रामला बे स्ट्रीटच्या अलीकडेच थांबवून परत उलटी का नाही पाठवत? मग पूर्वेकडून येणारी गाडी निदान चर्चपर्यंत तरी आली असती आणि यांच्या आईंचा प्रश्नच मिटला असता.

रूळपट्टी

कारण इथल्या गाडीला ड्रायव्हरची केबिन एकाच टोकाला आहे आणि दारं फक्त उजव्या बाजूला. साधारण तीस मीटरची गाडी आहे, उलटी चालवून नेता येत नाही, वळवायला गोल फेरा म्हणजे लूप लागतो. दोन्ही टोकांना केबिन असलेल्या ट्राम युरोपात पुष्कळ आहेत, तिथे रस्ता खणला की मधेच एक क्रॉसओव्हर, म्हणजे शेजारच्या रुळावर जायचा जोड, टाकतात आणि गाडी तिथूनच मागे फिरवतात. इथे तसं नाही, म्हणून वळशाला इतकं महत्त्व.

दादर_टीटी

अच्छा, आता कळलं. माझे आजोबा मुंबईत ट्रामने कामावर जायचे, दादर टीटीतला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली तेव्हा आजी रडली होती म्हणे. टोरोंटोतही १९७२ मधे ट्राम काढून टाकायचं जवळपास ठरलेलं, नागरिकांनी कमिटी करून लढा दिला आणि टीटीसीने (इथली बस, ट्राम, मेट्रो चालवणारी संस्था) ट्राम ठेवायचा निर्णय घेतला. त्यामुळे इथे रूळ टाकताना बघितले की उशीर झाला तरी मला आतून बरं वाटतं, कुणीतरी काढण्याऐवजी टाकतंय.

आणखी एक, ज्या क्वीन स्टेशनसाठी हे खोदकाम चाललंय तिथे आत्ताच्या मेट्रो स्टेशनच्या खाली अजून एक अर्धवट स्टेशन आहे. यंग स्ट्रीटची मेट्रो १९५४ ला सुरू झाली तेव्हा क्वीनखालून ट्राम भुयारातून न्यायची योजना होती म्हणून सांगाडा बांधून ठेवला आणि ती ट्राम कधी आलीच नाही. सत्तर वर्षांनी त्याच चौकात लोक परत क्वीनवरच्या गाडीची वाट बघतायत. विषयांतराबद्दल सॉरी रानजाई, पण तुमचा धागा वाचताना हे आठवल्याशिवाय राहवेना.

लेकसाइड

मुद्द्याचं बोलू या का, आईंना शुक्रवारी परत जायचं असेल.

मी तुमच्या भागात नऊ वर्षं राहिलेय. माझं म्हणणं, ५०१ विसरा. क्वीन आणि कॉक्सवेलला २२ नंबरची कॉक्सवेल बस मिळते ती पकडा, जेरार्डच्या इंडिया बाजारावरून वर जाते ना तीच. कॉक्सवेल स्टेशनला उतरा, बस आत स्टेशनातच जाते त्यामुळे रस्ता ओलांडायचा नाही. लिफ्टने खाली, मेट्रोच्या लाइन २ ची पश्चिमेकडे जाणारी गाडी, ब्लूर यंगला बदल, तिथून लाइन १ ने दक्षिणेला क्वीन स्टेशन. वर आलात की चर्च दोन ब्लॉकवर. रस्ता गाड्यांना बंद आहे पण चालणाऱ्यांना वाट ठेवलीये. खोदकामाचा आवाज आणि धूळ नको असेल तर एक गल्ली वर शूटर स्ट्रीट आहे तिथून जा, थोडं जास्त पडेल पण शांत आहे.

नकाशावर हे लांबचं दिसतं, दोनदा बदल आहे. पण चढउताराला लिफ्ट आहे, उभं राहायचं ते आत, वाऱ्यात नाही, आणि खोदकामाशी या रस्त्याचा संबंधच येत नाही त्यामुळे उद्या वळसा परत बदलला तरी आईंना नवीन काही शिकायला लागणार नाही. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं जास्त गेलेली चालतात, रोज वेगळं होणं झेपत नाही. प्रेस्टो कार्डवर (भाड्याचं कार्ड) दोन तास कितीही बदलल्या तरी एकच भाडं, आणि ६५ च्या वरचं सवलतीचं भाडं कार्डावर सेट करून घ्यावं लागतं ते केलंय का बघा, आपोआप होत नाही.

फक्त ब्लूर यंगला ऑफिसच्या वेळी प्रचंड गर्दी असते. फिजिओची वेळ अकरानंतरची मागून घ्या. ती मिळाली तर अर्धं काम झालं.

सदाफुली

आणि कधी ट्रामनेच जायची वेळ आली तर ब्रॉडव्ह्यूला उतरायचं नाही गं, बसून राहायचं, तीच गाडी डंडासवरून चर्चला जाते. तिथून क्वीनपर्यंत खाली चालायचं, सहाशे-सातशे मीटर तरी आहे, गुडघ्याला आत्ता नको. पण माहिती असू दे, म्हणजे गाडी वळली तरी घाबरायला होणार नाही. दाराजवळ रॅम्पचं बटण असतं ते दाबायला संकोच करायचा नाही, रस्त्यावरून गाडीत चढताना पायरी उंच लागते, त्या रॅम्पने खूप फरक पडतो. आणि दार उघडं असेल तेव्हा मागच्या गाड्यांना थांबायचा कायदा आहे पण सगळे थांबतातच असं नाही, उतरताना आधी उजवीकडे बघायला सांग.

रूळपट्टी

व्हील ट्रान्सला (चालायला त्रास असणाऱ्यांसाठीची टीटीसीची सेवा) पण अर्ज करून बघा. दारातून दारापर्यंत नेतात. डॉक्टरचा फॉर्म लागतो, वेळ लागतो, पण अख्खा हिवाळा पुढे आहे तर आत्ताच करून ठेवा.

रानजाई

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस उत्तर देता आलं नाही.

लेकसाइड ताई, काल रविवारी मी आणि आई तुमच्या रस्त्याने जाऊन आलो, नुसतं बघायला. दारापासून क्लिनिकच्या दारापर्यंत बावन्न मिनिटं लागली, पूर्वी ट्रामने अर्धा तास लागायचा. पण आई एकदाही "थांब" म्हणाली नाही. येताना तिनेच जेरार्डला उतरायचं ठरवलं, कोथिंबीर आणि अळूची पानं घेतली, आणि तिथून परत २२ पकडली, ती पण न विचारता. मला भरूनच आलं. कार्डावर सवलत लावलेलीच नव्हती, इतके दिवस पूर्ण भाडं जात होतं, ते आज करून घेतलं.

सदाफुली, कागद केलाय. आईने तो स्वतःच्या अक्षरात परत लिहून काढला, माझं अक्षर तिला लागत नाही म्हणे.

रूळपट्टी दादा, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं. वाट बघायची नाही हे कळलं आणि खरं सांगते डोक्यावरचं ओझं उतरलं, इतके दिवस मी रोज सकाळी "आज तरी सुरू झाला असेल का" म्हणून फोनवर बघत होते. मला एवढंच वाटतं की आधी वळसा बांधून मग रस्ता बंद करायला हवा होता. खाली काय सापडेल हे माहीत नसतं हे मान्य, पण मग ते उकरून बघायचं काम रस्ता चालू असतानाच आधी उरकता आलं नसतं का? म्हाताऱ्या माणसांना ही वर्षं परत मिळत नाहीत.

फिजिओची वेळ साडेअकराची मिळालीये. आता एकच शंका राहिलीये, कॉक्सवेलची लिफ्ट त्या दिवशी बंद असली तर काय करायचं? आई जिने चढू शकते पण उतरताना गुडघा दुखतो.

लेकसाइड

निघायच्या आधी लिफ्ट चालू आहे का ते टीटीसीच्या साइटवर बघता येतं, फोनवर तुम्हीच बघून आईंना सांगा. बंद असेल तर त्या दिवशी जाताना टॅक्सी करा आणि येताना मेट्रो, तोपर्यंत सुरू झाली नसली तरी येताना जिना चढायचाच आहे. आठवड्यातून सहा टॅक्सी जड आहेत, महिन्यातून एखादी चालेल. आणि हातात काठी असू दे, गरज नसली तरी, गर्दीत लोक जागा देतात.

रानजाई

हे डोक्यातच आलं नव्हतं. काठी आणलीये मिरजेहून, कपाटात पडून आहे, तिला लाज वाटते घ्यायला. सांगते तिला तुमचं नाव घेऊन. शुक्रवारी ती एकटी जाणार आहे, जाऊन आली की इथेच लिहिते.