मिस्टरांच्या पोटऱ्या झोपेतही फडफडतात, ईएमजीत (नसा-स्नायूंच्या सुईच्या तपासणीत) न्यूरोमायोटोनिया आलंय

खारघरकरीण:
नमस्कार, मिस्टरांच्या दोन्ही पोटऱ्यांत कातडीखाली किडे वळवळावेत तसं सतत चालू असतं, गाढ झोपेतसुद्धा थांबत नाही, एसीत बसून शर्ट ओला होतो, लोकलमध्ये हँडल धरलं की उतरताना मूठ पटकन सुटत नाही. आधीच्या डॉक्टरांनी टेन्शन म्हणून कॅल्शियम आणि बी१२ दिलं, काही फरक नाही. आता छातीचा सीटी सांगितलाय. त्रास पायात आणि सीटी छातीचा का? हे एएलएस तर नाही ना, खूप घाबरलेय.

घोडबंदर_रोड:
ताई, मला हेच न्यूरोमायोटोनिया आहे. एएलएसमध्ये नसा मरत जातात, स्नायू सुकतात, ताकद जाते. इथे नस शाबूत असते पण शांत बसत नाही. तिला शांत करणारे पोटॅशियम चॅनल असतात, बऱ्याच पेशंटमध्ये त्यांच्याशी जोडलेल्या प्रोटीनवर शरीराच्याच अँटिबॉडी चाल करतात आणि मग मेंदूने न सांगताच नस सिग्नल सोडत राहते, म्हणून झोपेतही थांबत नाही. मला कार्बामॅझेपिनने, म्हणजे नस शांत करणाऱ्या गोळीने, खूप आराम पडला. पण ती न्यूरोलॉजिस्टनेच सुरू करायची, आणि अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं, हे अजिबात हलक्यात घेऊ नका. गोळ्यांनी भागलं नाही तर प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव बदलणं), आयव्हीआयजी (शिरेतून दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी देणं) आहे.

वाशी_ईएमजी_टेक्निशियन:
सीटी थायमससाठी, ही ग्रंथी छातीच्या हाडामागे असते आणि काही पेशंटमध्ये तिथे गाठ निघते, कधी फुफ्फुसातही. बहुतेकांना काही सापडत नाही, पण टाळू नका. सुई लावल्यावर मशीनच्या स्पीकरवर टिंऽऽग करत विरत जाणारा आवाज येतो, सेकंदाला १५० ते ३०० ठोके, एकदा ऐकला की विसरत नाही. आयझॅक्स या डॉक्टरांनी १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हा आजार मांडला, नस वरच्या बाजूला बधिर केली तरी फडफड चालूच आणि क्युरारे (नसेचा सिग्नल स्नायूपर्यंत पोचू न देणारं औषध) दिल्यावर बंद, म्हणजे बिघाड स्नायूत नाही, नसेच्या टोकाकडे. झोपच उडाली, भास व्हायला लागले, विसरायला लागले तर लगेच दाखवा, तो मॉर्व्हन, म्हणजे याचाच मेंदूवरही परिणाम करणारा प्रकार, असू शकतो.

नेरुळवाला:
पाऱ्याचं भस्म वगैरे घेतात का ते? पाऱ्याशी संबंध असलेल्या केसेस नोंदल्या गेल्यात.

खारघरकरीण:
बापरे, गुडघ्यांसाठी ओळखीतल्या एकाकडची पुडी चालू आहे, आजच बंद करते आणि पुडीच डॉक्टरांना दाखवते. अँटिबॉडीची टेस्ट वाशीत होते का, की परळलाच जावं लागेल?

वाशी_ईएमजी_टेक्निशियन:
सॅम्पल बहुतेक मोठ्या लॅब घेतात ताई, चिठ्ठीवर कॅस्पर२ आणि एलजीआय१ (अँटिबॉडी ज्यांच्यावर चाल करतात ती प्रोटीन) दोन्ही लिहून घ्या.