क्लच नसलेली छोटी गाडी: तुमचे अनुभव (अनुभव धागा)

गोदाकाठ:
आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी काल जिन्यात थांबवून विचारलं, "ती क्लच नसलेली छोटी गाडी घेऊ का गं? गुडघा साथ देत नाही आता." घरी येऊन चहा टाकला आणि बाबाच डोळ्यांसमोर आले.

बाबांनी २२ वर्षं नाशिकरोड ते सातपूर केलं, जुन्या ८०० मध्ये. शेवटची दोन वर्षं द्वारका चौकात अडकलो की डाव्या हाताने स्वतःचाच गुडघा खाली रेटायचे, तेव्हा कुठे क्लच दबायचा. आम्ही मागे बसून बघायचो, कोणी बोलायचं नाही. मग एक दिवस किल्ली खुंटीला लावली नि म्हणाले, आता रिक्षाने जाऊ.

२०१५ मध्ये मी मारुतीची सेलेरिओ एएमटी घेतली, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. पहिल्याच दिवशी कॉलेज रोडला वेग कमी करताना बाबांचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला, तोही क्लच दाबायच्या जोरात. आईच्या मांडीवरचा मटकीच्या उसळीचा डबा थेट डॅशबोर्डवर. दुसऱ्या दिवसापासून त्यांना डावा पाय मागे, सीटकडे ओढून बसायला लावलं. चार दिवसांत पाय क्लच विसरला. महिन्याने स्वतः चालवत वणीच्या गडावर गेले. वर पोचल्यावर उतरून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले बराच वेळ.

तुमचे अनुभव लिहा. काकांना वाचून दाखवणार आहे, त्रास झाला असेल तर तोही लिहा.

मनीप्लांट:
गुडघा हाताने रेटायचे हे वाचून पोटात कालवलं. माझी आई पोळपाटापाशी उठताना तसंच करते.

अंबडकर:
मी गिअरच्याच कामात आहे म्हणून सांगतो ताई. काकांना सांगा, आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, म्हणजे हाताने गिअर टाकायच्या गाडीचाच असतो, क्लचप्लेटही तीच. क्लच दाबणारा पाय नि गिअर टाकणारा हात, यांचं काम अ‍ॅक्चुएटर करतो आणि कधी करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओत एएमटी पहिल्यांदा आली, यंत्रणा मॅग्नेटी मारेली या इटालियन कंपनीची, तेलाच्या दाबावर चालणारी. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये ताकद तेलातून जाते, थोडी तिथेच जिरते. इथे ती भानगड नाही. म्हणून तेव्हा सेलेरिओच्या मॅन्युअल नि एएमटी दोन्हीला मारुतीचा मायलेजचा आकडा लिटरला २३.१ किमीच होता.
गिअर बदलताना मान पुढे डुलते, त्याला घाबरू नका. गिअर बदलायला क्लच दाबला गेला की क्षणभर चाकांना ताकद मिळत नाही. हाताने गिअर टाकताना आपण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो ना, तसाच किंचित उचलायचा. डुलणं बरंच कमी होतं.

सिन्नरची_सून:
+१ पाय उचलण्याला. मला हे नवऱ्याने नाही, ओला चालवणाऱ्या दादांनी शिकवलं.

पेठरोडकर:
चढाचं लिहितो कारण माझी प्लेट गेली त्यात. सावळघाटात पुढे कांद्याचे ट्रक, सगळं मुंगीच्या पावलाने. मी ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरत होतो, मॅन्युअलमध्ये अर्ध्या क्लचवर धरायची सवय ना. अर्ध्या तासात जळका वास. क्लच आत घासतच होता, फक्त माझ्या पायाला कळत नव्हतं. आता थांबलं की सरळ ब्रेक. निघताना हँडब्रेक ओढलेला ठेवून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, गाडी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडायचा. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर तेवढंही नको.

भो_नाशिककर:
काय भो, कांद्याचे ट्रक पेठ रोडने कुठे, लासलगावचा माल तर आग्रा रोडने जातो

पेठरोडकर:
भाऊ, गुजरातकडे जाणारा पेठ रोडनेच जातो. धरमपूरला जाताना बघा कधी.

रानजाई:
वय ५२ ला गाडी शिकले. ड्रायव्हिंग स्कूलला क्लचवर तीनदा रडले, शिकवणारे वाईट नव्हते पण माझा पाय नि हात एकत्र चालेचनात. मुलीने तिची एएमटी दिली नि रोज पहाटे साडेपाचला मखमलाबादकडे द्राक्षबागांच्या रस्त्याने नेलं. पहिल्यांदा लक्ष सगळं रस्त्यावर होतं. आता सासूबाईंना डायलिसिसला मीच नेते, आठवड्यातून दोनदा. कुणाला विचारावं लागत नाही.

मनीप्लांट:
रानजाई ताई 🙏🙏 सासूबाई कशा आहेत आता?

रानजाई:
बऱ्या आहेत. पाणी मोजून प्यायचं ना, उन्हाळ्याची काळजी वाटते.

मनीप्लांट:
बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, आमच्या मामांना सांगितला होता. तोही पाण्याच्या हिशेबात धरायचा पण. डॉक्टरांना विचारून द्या.

इगतपुरीचा_पाऊस:
त्रासाचं विचारलंत म्हणून. जुलैमध्ये पहाटे कसाऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो, पुन्हा सुरू करायला गेलो तर गाडी सुरूच होईना. डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लुकलुकतोय. सर्व्हिसवाल्यांनी आधी अ‍ॅक्चुएटर बदला म्हणून मोठा आकडा सांगितला. दुसरीकडे दाखवली तर बॅटरी कमजोर निघाली. बॅटरी बदलली, वर्ष झालं, परत दिवा नाही. या यंत्रणेला बॅटरी नीट लागतेच. आणि मुख्य म्हणजे हिला ढकलस्टार्ट नाही. बॅटरी संपली नि गाडी गिअरमध्ये असली तर न्यूट्रलही होत नाही, जागची हलत नाही. काकांना जंपर केबल डिकीत ठेवायला सांगाच.

सिन्नरची_सून:
ड्रायव्हरचं दार उघडलं की घूंऽऽ आवाज येतो, तो पण बॅटरीचा का?? मी घाबरतेय

अंबडकर:
नाही ताई, तो तेलाचा पंप. दार उघडलं की दाब भरून ठेवतो. खूप वेळ थांबलाच नाही तर दाखवा.

भो_नाशिककर:
गडावर गाडी न्यायचीच कशाला, ट्रॉली झालीये की

गोदाकाठ:
दादा, ट्रॉली वरच्या गावापासून देवळापर्यंत, पायऱ्यांऐवजी. नांदुरीपासूनचा घाट चालवावाच लागतो. उतरताना एम मध्ये (गिअर आपण ठरवायचा मॅन्युअल मोड) टाकून दुसरा गिअर धरते मी, नुसत्या ब्रेकवर उतरले की ब्रेक तापतात.

त्र्यंबकवाट:
पार्किंगचं कोणी लिहिलं नाही. आमच्या गाडीला पी, म्हणजे चाकं अडकवून ठेवणारा पार्किंगचा गिअर नाही. ब्रेक दाबून गिअर टाकायचा, तसंच बंद करायची, मग हँडब्रेक. न्यूट्रलमध्ये उतारावर सोडून मी देवळात गेलो होतो, परत आलो तर दोन पोरांनी चाकामागे दगड लावून धरलेली. त्यांना पेढे दिले.

मनीप्लांट:
पोरं गुणी हो. गोदाकाठ, बाबा अजून चालवतात का?

गोदाकाठ:
दिवसाच, गंगापूर रोडपर्यंत. ७८ झाले. रात्री समोरचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून स्वतःच बंद केलं. काकांना सगळं वाचून दाखवलं. बॅटरीचं त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले, रविवारी बाबांनाच बरोबर घेऊन ट्रायलला जातो. डावा पाय मागे ओढायचं बाबा शिकवणार आहेत म्हणे. उसळ नेऊ नका एवढं सांगितलंय. कुकरची शिट्टी झाली, बाकीच्यांना रात्री उत्तर देते.