थकवा, चक्कर, काळवंडणं: ॲड्रिनलबद्दल थोडी भर

कुणीतरी विचारलंय की आईचा थकवा, चक्कर आणि काळवंडत चाललेले हात हे सगळं एकाच आजाराचं असू शकतं का. असू शकतं. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल (शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन) कमी बनवू लागल्या की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी त्यांना चालना देणारं एसीटीएच हे हार्मोन वाढवते, आणि त्यामुळे तळहाताच्या रेषा, हिरड्या काळ्या पडतात. आईंना सारखं खारट खावंसं वाटतं का, तेही विचारा. ब्रिटिश डॉक्टर थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये हा आजार (ॲडिसन्स डिसीज) वर्णिला तेव्हा टीबी हे मोठं कारण होतं. मुंबईत डॉक्टरांना आजही टीबी नाकारून चालत नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्या प्रकाराची वाटते. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी महिनोन्महिने घेतलेलं स्टिरॉइड (कधी 'जडीबुटी' म्हणून दिलेल्या पुडीतलंही) कुणी एकदम बंद करतं आणि बाहेरच्या स्टिरॉइडमुळे सुस्तावलेल्या ॲड्रिनल ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत. यात कातडी काळी पडत नाही, म्हणून निदान राहून जातं.

कॉर्टिसॉल सकाळी ८ च्या सुमारास तपासा, दुपारच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा (हार्मोनच्या आजारांचा) विभाग आहे. निदान झालंच तर ताप आल्यावर स्टिरॉइडच्या गोळीचा डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा, तिथे हायड्रोकॉर्टिझोनचं (कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या स्टिरॉइडचं) इंजेक्शन लागतं.