शिष्यवृत्तीचा फॉर्म परत आलाय, शेरा फक्त 'उत्पन्न' – मदत हवी आहे

भीमाकाठचा:
महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, फॉर्म भरला होता. कॉलेजने परत पाठवलाय. शेऱ्यात एकच शब्द, 'उत्पन्न'. आता यातून माणसाने काय समजायचं? कागद सगळे जोडलेत. ऑफिसात विचारलं तर 'लॉगिनमध्ये बघा', लॉगिनमध्ये बघितलं तर तेवढंच. वरून फी भरा म्हणून तगादा. जाणकारांनी लवकर सांगावं, घाई आहे.

प्राजक्त:
कोणता कोर्स, कोणता प्रवर्ग, कितवं वर्ष? प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, की संस्था स्तरावर? एवढं तरी लिहा हो.

भीमाकाठचा:
इंजिनिअरिंग, पहिलं वर्ष. ओबीसी. कॅपमधूनच.

खानदेशी तडका:
आधी बँक खात्याला आधार सीडिंग आहे का बघा. आमच्या पुतण्याचे पैसे त्याच्यापायीच अडकले होते. खातं आहे, पासबुक आहे, पण आधार जोडलेलं भलत्याच जुन्या बँकेला. पैसे गेले तिकडे, आणि ते खातं तर बंद पडलेलं. माझं ऐका, पोस्टात नवीन खातं काढा आणि मोकळे व्हा.

जुना कारकून:
तडकाभाऊ, ते पैसे यायच्या वेळचं झालं. यांचा अर्ज अजून कॉलेजच्या टेबलावरून पुढे सरकलेला नाही. भीमाकाठचा, उत्पन्नाच्या रकान्यात नेमका कोणता कागद चढवलाय?

भीमाकाठचा:
नॉन क्रीमिलेयर, म्हणजे आरक्षणासाठी काढलेलं प्रमाणपत्र. मुदतीतलं आहे. मर्यादा तिथेही आठ लाख, इथेही आठ लाख. मग अडचण कुठे आली?

हापूसवाला:
चालतं की. माझ्या बहिणीचं त्याच्यावरच झालं होतं. क्लार्कला नीट समजावून सांगा, नाहीतर प्राचार्यांकडे जा. ही मंडळी मुद्दाम परत पाठवतात.

जुना कारकून:
चालत नाही. आकडा सारखा दिसतो, हिशेब वेगळा. नॉन क्रीमिलेयर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आईवडिलांचा मोठा सरकारी हुद्दा आड येत नसेल तर चांगल्या पगाराच्या घरातही तो दाखला निघतो. शिष्यवृत्तीला मात्र सगळं मोजतात: पगार, शेती, धंदा, आई आणि वडील दोघांचं मिळून. म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो. तलाठ्याचा अहवाल चढवू नका, तो दाखला काढण्यासाठी असतो. सेतू केंद्रात अर्ज करा, दाखला हातात आला की त्यावरचा बारकोड नंबर फॉर्मात टाका. आणि परत आलेलाच अर्ज दुरुस्त करून पाठवा. घाईत दुसरा नवीन भरून ठेवू नका, दर वर्षी पोरं हेच करतात.

हापूसवाला:
मग माझ्या बहिणीचं कसं झालं?

जुना कारकून:
कोणत्या साली?

हापूसवाला:
२०१४.

जुना कारकून:
तेव्हा महाडीबीटी तरी होतं का?

तिखटमीठ:
एवढी चर्चा झाली, पण मुलगा की मुलगी हे कुणीच विचारलं नाही!

भीमाकाठचा:
भाची आहे. त्याने काय फरक पडतो?

तिखटमीठ:
मामा, निम्म्या फीचा फरक पडतो! ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, मग ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ५० टक्के होतं. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आधी भरून घेऊ नका, असंही शासनाने कॉलेजांना कळवलेलं आहे. कसली फी मागतायत ते?

भीमाकाठचा:
डिमांड स्लिपवर 'डेव्हलपमेंट' आणि 'इतर' लिहिलंय. पण पेपरात तर मुलींना सगळं मोफत म्हणून आलं होतं!

जुना कारकून:
पेपरातला मथळा आणि शासन निर्णयातला शब्द यांत नेहमीच एवढं अंतर असतं. डेव्हलपमेंट फी माफीत येत नाही, ती भरावी लागेल. हप्ते पाडून मागा, बरीच कॉलेजं देतात.

सातासमुद्रापार:
या सरकारी भानगडीत कशाला पडता? जे. एन. टाटा एंडोमेंट बघा. १८९२ पासून चालू आहे, परदेशी शिकायला कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतात. माझा चुलतभाऊ त्याच्यावरच जर्मनीला गेला.

प्राजक्त:
साहेब, पोरगी पहिल्या वर्षाला आहे. ती योजना पदवीनंतरची.

सातासमुद्रापार:
पुढे उपयोगी पडेल म्हणून सांगितलं. हल्ली चांगलं सांगायची सोय नाही.

खानदेशी तडका:
भाची राहते कुठे? खोली घेऊन राहत असेल तर स्वाधार भरा ना!

भीमाकाठचा:
पुण्यात, चार मुली मिळून एक फ्लॅट.

तिखटमीठ:
तडकाभाऊ, स्वाधार अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी. ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि बाहेर राहावं लागतंय, तर पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. पण तिथे उत्पन्नाची अट अडीच लाख.

खानदेशी तडका:
नाव चुकलं असेल, योजना तीच.

तिखटमीठ:
नाव वेगळं, सरकारी खातं वेगळं, अर्जही वेगळा. तीच कशी?

खानदेशी तडका:
बरं बाई. पोस्टातल्या खात्याचं मात्र विसरू नका.

प्राजक्त:
मुलींसाठी एआयसीटीईची (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५० हजार. ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायची. पण एकाच फीचे पैसे दोन दारांतून मिळणार नाहीत. आधी नियम वाचा, मग ठरवा.

भीमाकाठचा:
सगळ्यांचे आभार. सेतूत जाऊन आलो, दोन-चार दिवसांत दाखला मिळेल म्हणाले. तलाठ्याने भाऊजींच्या शेतीचं दीड लाख लिहून दिलंय. म्हणजे ती ६० हजारांचीही भरून टाकतो. एक बारीक शंका, ताईचा पगार त्यात धरायचा नसतो ना? ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे.

जुना कारकून:
हे आता सांगताय?

तिखटमीठ:
🤦‍♀️

जुना कारकून:
धरायचाच असतो. ताईंचा फॉर्म १६ घ्या आणि आजच्या आज पुन्हा सेतू गाठा, अर्जात दोघांचं उत्पन्न दाखवा. शिक्षिकेचा पगार म्हटल्यावर अडीच लाखांची ती आधार योजना विसराच. आता बेरीज आठच्या आत बसते का तेवढं बघा. नोकरीला किती वर्षं झाली त्यांच्या?

हापूसवाला:
तरी मी म्हणत होतो, नॉन क्रीमिलेयरच बरं होतं.

वाचनमात्र:
माझा मुलगा डिप्लोमाला आहे, संस्था स्तरावर प्रवेश झालाय. आम्हाला यातलं काय मिळेल?