मदत हवी आहे: पायथनची लॉगिंग सेटिंग फाईल – एक मॉड्यूल मुकं, दुसरं दोनदा बोलतंय

सांजसंकलन

नमस्कार मंडळी. एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर सध्या माझ्या गळ्यात आहे. लिहिणारा नोकरी सोडून गेला, कागदपत्रं शून्य. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) देतं, प्रोग्राम दरपत्रकातून दर काढतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. काही सभासद म्हणतात, दर कमी लागतोय. म्हणून लॉग, म्हणजे प्रोग्रामने चालताना लिहिलेल्या नोंदी, बघायला गेलो आणि तिथेच अडकलो.

सर्व्हरवर उबुंटू २०.०४, पायथन ३.८. लॉगिंगची सगळी मांडणी 'लॉगिंग.आयएनआय' या फाईलमध्ये आहे आणि मुख्य प्रोग्राम ती पायथनच्या फाइलकॉन्फिग या फंक्शनने वाचतो. (मोबाइलवरून लिहितोय, सगळी नावं देवनागरीतच आहेत, सांभाळून घ्या.) फाईलमध्ये रूट लॉगर (नोंदी करणाऱ्या सगळ्या लॉगर्सच्या वरचा) आहे, लेव्हल इन्फो (म्हणजे डीबगच्या बारीक नोंदी वगळून), हँडलर (नोंद लॉगमध्ये उतरवणारा) 'फाईल'. दुसरा लॉगर 'संकलन', त्यालाही हँडलर 'फाईल'. बस, एवढंच.

आता गंमत बघा. 'संकलन' मॉड्यूलची प्रत्येक ओळ लॉगमध्ये दोनदा येते. 'दर' मॉड्यूलची एकही येत नाही, अगदी मुद्दाम एरर टाकली तरी नाही. आणि 'एसएमएस' मॉड्यूलचं तर सेटिंगमध्ये नावही नाही, तरी त्याच्या नोंदी व्यवस्थित, एकेकदाच येतात! 'दर' एकटं चालवलं की सगळं दिसतं (त्याच्या तळाला बेसिककॉन्फिगची, म्हणजे लॉगिंगच्या साध्या मांडणीची, ओळ आहे). दोन रात्री गेल्या. सेटिंग फाईल चुकीची आहे की मी?

टपरीवरचा_चहा

आयएनआय सोडा, डिक्टकॉन्फिग वापरा, म्हणजे मांडणी पायथनच्या डिक्शनरीत. पायथन २.७ आणि ३.२ पासून आहे. आयएनआयमधले आर्ग्ज (हँडलरला द्यायच्या किमती) आतमध्ये इव्हॅलने, म्हणजे कोड म्हणून, चालवले जातात, म्हणजे ती फाईल ज्याच्या हातात त्याच्या हातात प्रोग्राम.

रात्रपाळी

चहावाले, बरोबर बोलताय, पण त्याने यांचं दुखणं जाणार नाही. हाच खोडा डिक्टकॉन्फिगमध्येही आहे.

सांजसंकलन, दोन गोष्टी सांगा. फाइलकॉन्फिगची ओळ इम्पोर्टच्या आधी आहे की नंतर? आणि 'एसएमएस' कुठे इम्पोर्ट होतं?

सांजसंकलन

दादा, इम्पोर्ट सगळे वरती, फाइलकॉन्फिग मेन फंक्शनमध्ये. 'एसएमएस' मात्र बिल पाठवायच्या फंक्शनच्या आत इम्पोर्ट केलंय. तसं का ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

रात्रपाळी

दादा नाही, ताई. :)

मग कोडं सुटलं. फाइलकॉन्फिगला डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स नावाचा पर्याय आहे आणि तो आपण काही न सांगता 'ट्रू' असतो. म्हणजे सेटिंग वाचायच्या क्षणी जे लॉगर आधीच तयार आहेत, त्यातले फाईलमध्ये नाव नसलेले सगळे बंद पडतात. रूट वाचतो. ज्यांचं किंवा ज्यांच्या वरच्या लॉगरचं नाव फाईलमध्ये आहे तेही वाचतात.

आता तुमची तीन मॉड्यूल्स लावून बघा. 'संकलन' आधीच इम्पोर्ट झालं, पण नाव यादीत आहे, वाचलं. 'दर' आधीच इम्पोर्ट झालं, नाव नाही, गेलं. बंद झालेला लॉगर एररच काय, क्रिटिकलही लिहीत नाही, म्हणून लेव्हलशी कितीही खेळलात तरी उपयोग नाही. आणि 'एसएमएस' फंक्शनच्या आत असल्याने सेटिंग वाचून झाल्यावर जन्माला आलं, त्याला कोणी हात लावला नाही. पंक्तीला उशिरा आला आणि नेमका त्यालाच लाडू मिळाला.

खात्री करायची तर मेनमध्ये 'दर'च्या लॉगरचं 'डिसेबल्ड' छापून बघा. ट्रू येईल. उपाय: फाइलकॉन्फिगला डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स=फॉल्स द्या. इम्पोर्टच्या आधी कॉन्फिग आणूनही भागतं, पण उद्या कोणी ओळी वरखाली केल्या की पुन्हा तेच.

दोनदा येणारी ओळ वेगळी भानगड. 'संकलन' स्वतःच्या हँडलरला नोंद देतं आणि तीच वर रूटलाही पाठवतं. रूटलाही तोच हँडलर. 'संकलन'च्या भागात प्रोपगेट=० लिहा, किंवा त्याची हँडलर्स ओळ रिकामी ठेवा. मी दुसरं करेन.

जुनी_खुर्ची

रिकामी म्हणजे रिकामीच ठेवा, पुसू नका. हँडलर्स हा शब्दच नसेल तर की-एरर (हवा तो शब्द सापडला नाही) येते.

सांजसंकलन

ताई, डिसेबल्ड = ट्रू आलं! फॉल्स केलं आणि 'दर'च्या एरर दिसायला लागल्या. पण मला हव्यात त्या डीबगच्या ओळी, त्या अजून नाहीत. रूट डीबग करून पाहिलं तर डेटाबेसवाल्या लायब्ररीने असा पाऊस पाडला की आपलं काही सापडेना.

शिवाय आज सर्व्हिस म्हणून चालवलं तर वेगळंच. सुरू होतानाच 'की-एरर: फॉर्मॅटर्स'. फाईलमध्ये फॉर्मॅटर्स आहे हो, डोळ्यांनी बघतोय.

रात्रपाळी

डीबगसाठी रूटला हात लावू नका. फाईलमध्ये 'दर' लॉगरचा स्वतंत्र भाग करा, लेव्हल डीबग, क्वालनेम (कोडमधलं लॉगरचं नाव) दर, हँडलर्स रिकामं. लॉगर्सच्या यादीतही नाव घाला. रूटची लेव्हल इन्फोच राहू द्या. खालून वर आलेली नोंद रूटची लेव्हल बघत नाही, फक्त हँडलरची बघते. हे बऱ्याच जणांना पटत नाही, करून बघा. 'फाईल' हँडलरला लेव्हल लिहिली असेल तर तीही डीबग करा.

की-एरर मात्र फसवी आहे. फाईल सापडलीच नाहीये.

जुनी_खुर्ची

अगदी. आतला कॉन्फिगपार्सर (आयएनआय वाचणारा) फाईल नसली तरी गप्प बसतो, मग फाइलकॉन्फिग रिकाम्या हाताने फॉर्मॅटर्स शोधतं आणि की-एरर देतं. ३.१२ पासून सरळ फाईल सापडली नाही असं सांगतं. तुम्ही ३.८ वर, म्हणून चकवा.

सिस्टमडीची (उबुंटूवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस, काही सांगितलं नाही तर, '/' या फोल्डरात चालते. तुम्ही टर्मिनलवर प्रोजेक्टच्या फोल्डरात उभे राहून चालवता म्हणून तिथे चालतं. सर्व्हिस फाईलमध्ये वर्किंगडिरेक्टरी द्या, किंवा कोडमध्ये __फाइल__ (कोडच्या फाईलचा स्वतःचा पाथ) वरून पूर्ण पाथ बनवा. लॉग फाईलचा पाथ अर्धवट असेल तर तोही पूर्ण करा.

सांजसंकलन

चाललं! शेवटचा प्रश्न, मग तुमचा पिच्छा सोडतो. केंद्रावरच्या विंडोज मशीनवर सभासदाचं नाव मराठीत आलं की ती ओळ लॉगमध्ये नसते. काळ्या खिडकीत लॉगिंग एरर आणि 'चारमॅप' असं काहीतरी येतं, प्रोग्राम मात्र पुढे चालू राहतो.

रात्रपाळी

विंडोजवर लॉग फाईल मशीनच्या जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या जुन्या तक्त्यात) उघडली जातेय, त्यात देवनागरी बसत नाही. हँडलरच्या आर्ग्जमध्ये यूटीएफ-८ द्या. कोणता हँडलर आहे?

सांजसंकलन

टाइम्डरोटेटिंग. आर्ग्जमध्ये फाईलचं नाव, 'मिडनाइट', १, ३०.

रात्रपाळी

मग पाचव्या जागी 'यूटीएफ-८'. ३० म्हणजे जुन्या तीस फाईल राहतील, दहा दिवसांच्या बिलाला पुरे. एवढंच बघा की विंडोजवर दोन प्रोग्राम एकाच लॉग फाईलवर लिहीत नाहीत. नाहीतर मध्यरात्री फाईल बदलताना परवानगीची एरर येते.

सांजसंकलन

तीन दिवसांनी लिहितोय. सगळं लागलं आणि 'दर'च्या डीबग ओळींत चोर सापडला. मशीनने एसएनएफ ८.४५ दिला, राऊंड फंक्शनने एका दशांशाला आणला, ८.४! दरपत्रकाला ८.५ हवा होता. संगणकाच्या पोटात ८.४५ हा जरासा कमीच साठतो म्हणे. पायथनचं डेसिमल (दशांश नेमके साठवणारं) वापरून, अर्धा आला की वर, असं केलं. ३.५ फॅटला एसएनएफच्या एका पॉइंटचा (०.१) फरक दिसायला काही पैसे, पण रोजच्या लिटरांनी गुणला की सभासद बोलणारच.

आता मागच्या बिलांचा फरक काढायला बसलोय. जुन्या दिवसांचे 'दर'चे लॉग अर्थातच नाहीत, पण फॅट-एसएनएफ डेटाबेसमध्ये मशीनने दिले तसेच दोन दशांशांसकट आहेत, म्हणून पुन्हा मोजता येतंय. ताई, खुर्चीबुवा, संस्थेत आलात तर चहा माझ्याकडून, निरशा दुधाचा. चहावाले, डिक्टकॉन्फिगचं दिवाळीनंतर बघू.