2012 चा एमव्हीपी: कॅब्रेरा की ट्राउट? (जुनी खपली काढतोय)

नोव्हायकर:
सप्टेंबर लागला की आमच्या घरात हा वाद निघतोच, म्हणून इथेही काढतो. 2012 साली बेसबॉलच्या अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब, आमच्या डेट्रॉइटच्या मिगेल कॅब्रेराला मिळाला. पत्रकारांच्या पहिल्या पसंतीची 28 पैकी 22 मतं त्याला, 6 एंजल्सच्या माइक ट्राउटला. तेव्हापासून आकडेवाली मंडळी ‘पोराला लुटलं’ म्हणून गळा काढतायत. माझ्या मते योग्य माणसालाच मिळाला.

बॅटिंग सरासरी (किती वेळा हिट मिळाली त्याचं प्रमाण) .330, होमरन (आपला षटकार समजा) 44, आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर आलेल्या धावा) 139. तिन्हींत लीगमध्ये पहिला, म्हणजे ट्रिपल क्राउन. त्याआधी 1967 साली कार्ल यास्त्रेम्स्कीला जमलं होतं, मधली 45 वर्षं कुणालाच नाही.

पण मी क्राउनवर अडून बसत नाही. सप्टेंबर बघा, गरजेच्या वेळी कोण उभं राहिलं ते बघा. अर्धा महिना उलटला तरी व्हाइट सॉक्स डिव्हिजनमध्ये (लीगमधल्या आमच्या गटात) आमच्या पुढे होते. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून स्कोअर बघायचो. 1 ऑक्टोबरला कॅन्सस सिटीत डिव्हिजन खिशात घातली, आणि 44 वा होमरनही त्याच रात्री. तुमचा ट्राउट ऑगस्ट-सप्टेंबरात .300 च्या खाली घसरला होता. शिवाय पहिल्या बेसवर खेळणाऱ्या प्रिन्स फील्डरला संघात घेतलं म्हणून कॅब्रेरा पहिल्या बेसची जागा सोडून निमूट तिसऱ्यावर गेला. मार्चमध्ये तिथेच एक चेंडू उसळून डोळ्याखाली बसला, हाडाला फ्रॅक्चर झालं. तरी हंगामाच्या पहिल्या दिवशी हजर!

अनाहाइमची_मावशी:
तुमच्या डेट्रॉइट टायगर्सनी सामने किती जिंकले हो? 88. आमच्या एंजल्सनी 89. एक जास्त जिंकून आम्ही तिसरे आणि घरी, तुम्ही पहिले आणि प्लेऑफमध्ये. कारण आमच्या डिव्हिजनमध्ये ओकलंडने 94 आणि टेक्ससने 93 जिंकले होते. यात ट्राउटचं काय चुकलं?

आणि सप्टेंबरचं एवढं कौतुक कशाला? एप्रिलमधला विजय काय अर्धा धरतात? 28 एप्रिलपर्यंत साहेबांनी त्याला सॉल्ट लेकला मायनर (खालच्या) लीगमध्ये बसवून ठेवला, तोवर आम्ही 6 जिंकून 14 हरलेलो. तो आल्यापासून 83-59. वीस वर्षांचं पोरगं होतं ते!

27 जूनचा बाल्टिमोरचा झेल बघितलाय का? जे. जे. हार्डीने मारलेला चेंडू सेंटरच्या भिंतीपलीकडे निघाला होता. हा मागे धावत गेला, उडाला आणि भिंतीच्या वरून ग्लोव्हमध्ये घेऊन आला. होमरनचा आऊट झाला. तुमच्या क्राउनमध्ये हे कुठल्या रकान्यात येतं?

आकडेमोड:
मावशींना +1. ‘वॉर’ म्हणजे, सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत याने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, त्याचा अंदाज. ट्राउट दहाच्या वर, कॅब्रेरा सातच्या आसपास. ट्राउटने 139 सामन्यांत 49 बेस चोरले (फटक्याची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठला), 129 धावा केल्या. कॅब्रेराच्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) 28 वेळा डबल प्ले, म्हणजे एका चेंडूवर दोघे आऊट, झाला, त्याबाबतीतही लीगमध्ये पहिला! त्याचा मुकुट कुणी दिला नाही, एवढंच.

आरबीआय तर पुढचे फलंदाज बेसवर असले तरच मिळतात. आणि पत्रकारांच्या मतपत्रिकेवरच लिहिलेलं असतं की एमव्हीपी प्लेऑफमधल्या संघातलाच हवा असं नाही.

नोव्हायकर:
@आकडेमोड, वॉरमधला फील्डिंगचा आकडा एका हंगामात केवढा हेलकावे खातो हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याच्या जोरावर एवढं ठासून बोलू नका. मतपत्रिकेचं मान्य. पण प्लेऑफ मोजायचाच नाही असंही तिथे लिहिलेलं नाही.

गॅलरीवाला:
मी दोघांकडचाही नाही, मला 3 ऑक्टोबर आवडतो. हंगामाचा शेवटचा दिवस. क्राउनमधला होमरनचा भाग अजून लटकलेला, कारण टेक्ससच्या जॉश हॅमिल्टनचे 43. आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला कर्टिस ग्रँडरसनने दोन ठोकून तोही 43 वर. तिकडे ओकलंडमध्ये टेक्ससचा डिव्हिजनसाठी निर्णायक सामना. नऊ सामने उरले असताना टेक्सस पाचने पुढे होते, तरी गाडी इथपर्यंत घसरलेली. आणि हॅमिल्टनच्या हातून साधा, सरळ येणारा झेल सुटला. दोन धावा गेल्या, सामना 12-5 ने गेला, डिव्हिजन गेली.

त्याच रात्री कॅन्सस सिटीत कॅब्रेराला चौथ्या इनिंगमध्ये बाहेर काढलं, तर प्रतिस्पर्ध्यांचं पब्लिक उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मत कुणालाही द्या राव, पण असा दिवस मिळायला नशीब लागतं.

बाकी ‘संघ पुढे गेलाच पाहिजे’ हे काय खरं नाही. 1999 च्या वर्ल्ड कपला क्लूसनर मालिकावीर होता, आणि आफ्रिका फायनलला नव्हती.

नोव्हायकर:
क्लूसनरची आफ्रिका निदान सेमीपर्यंत पोचली होती. एंजल्स कुठवर पोचले?

अनाहाइमची_मावशी:
पोचलात ना तुम्ही? अगदी वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे फायनलपर्यंत. जायंट्सनी 4-0 ने धुतलं. शेवटचा आऊट कोण? त्यांच्या सर्जिओ रोमोने सरळ फास्टबॉल टाकला, तुमचा क्राउनवाला बॅट खांद्यावर ठेवून बघत राहिला. गरजेच्या वेळी कोण उभं राहिलं म्हणालात? उभाच होता बिचारा.

नोव्हायकर:
मतं प्लेऑफच्या आधीच दिलेली असतात, मावशी.