गॅलिलिओला शिक्षा झाली, मग चर्चच्याच फरशीवर सूर्याचे वेध कसे घेतले गेले?

प्रश्न
इटलीतील बोलोन्या शहरातल्या सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीवर खगोलशास्त्रज्ञ जिओव्हान्नी कॅसिनीने १६५५ साली सूर्याचे वेध घेण्यासाठी सुमारे ६७ मीटर लांबीची रेषा आखली, असे वाचनात आले. बोलोन्या तेव्हा पोपच्या अमलाखाली होते आणि गॅलिलिओवरील खटल्याला जेमतेम बावीस वर्षे लोटली होती. प्रार्थनास्थळातच ही सोय का होऊ दिली गेली, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १
याचे मूळ ईस्टरच्या तारखेत आहे. वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस आणि रात्र समान होतात त्या क्षणानंतरच्या) पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर, असा दंडक असल्यामुळे संपात अचूक ठरवणे हे चर्चचे धर्मकार्यच होते. तेव्हाच्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने सोळाव्या शतकापर्यंत संपात ११ मार्चच्या आसपास सरकला होता. म्हणून १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरींनी दिनदर्शिकेतून दहा दिवस गाळले. सूर्य नेमका केव्हा कुठे असतो हे मोजायला उंच, अंधारी आणि न हलणारी वास्तू लागते, आणि ती चर्चकडे तयारच होती. सान पेत्रोनिओत सुमारे २७ मीटर उंचीवरील छिद्रातून आलेले सूर्यबिंब रोज माध्यान्ही ती रेषा ओलांडते. उन्हाळ्यात ते छिद्राजवळ आणि लहान असते, हिवाळ्यात दूरवर लांबट पसरते.

प्रतिसाद २
कॅसिनी ईस्टरपाशी थांबला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. सूर्याची गती वर्षभर कमीजास्त भासते. जुन्या मतानुसार तो केवळ अंतराचा परिणाम होता, तर खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या मते निम्मा भाग अंतराचा आणि निम्मा गतीतील खऱ्या बदलाचा होता. सूर्याचे अंतर बदलले की बिंबाचा व्यासही बदलतो; तो ऋतूनुसार किती बदलतो हे मोजल्यावर कौल केप्लरच्या बाजूने पडला.

प्रतिसाद ३
वरील माहिती योग्य आहे, परंतु तिच्यावरून चर्च आणि विज्ञान यांच्यात वितुष्ट नव्हतेच, असा निष्कर्ष काढू नये. गतीत खरोखर बदल होतो एवढेच या मोजणीने दाखवले. फिरतो कोण, सूर्य की पृथ्वी, हे ती सांगू शकत नव्हती, आणि बहुधा म्हणूनच ती निर्धोक ठरली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या कोपर्निकस व गॅलिलिओ यांचे ग्रंथ चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतून १८३५ साली वगळले गेले. वेध घेण्यास आडकाठी नव्हती, पण त्या वेधांचा अर्थ लावण्याचा अधिकार धर्मसत्तेने आपल्याच हाती ठेवला होता, आणि गॅलिलिओचा संघर्ष नेमका याच अधिकाराशी होता.